टकटक गाडी

दसऱ्याच्या आधीचे आठ-दहा दिवस दिल्लीत लाल किल्ल्यासमोर रामलीलेचा मेळा भरतो. गदा, धनुष्यबाण आणि चंदेरी मुकुटांचे ढीग मागे टाकून बाहेर पडलं, की कडेला गोणपाट पसरून बसलेला एखादा खेळणीवाला दिसतो. त्याच्याकडे मातीच्या गाड्या असतात. तीस रुपयांना एक अशी गाडी मी माझ्या भाचीच्या अडीच वर्षांच्या मुलासाठी घेतली आणि पुढचा अर्धा तास त्याच्याकडे बघत राहिले.

आधी ती गाडी कशी असते ते सांगते. एक उथळ मातीची वाटी, तिच्या तोंडावर खळीने चिकटवून ताणलेला कागद. खाली बांबूच्या कामट्या आणि मातीची दोन चाकं. चाकांच्या आसाला तारेचा एक बाक दिलेला. वाटीवरून एक दोरा नेलेला असतो. त्याला घट्ट पीळ भरलेला असतो आणि त्या पिळात दोन बारीक काड्या अडकवलेल्या असतात. चाक फिरलं की तारेचा बाक काडीचं शेपूट दाबतो आणि तिचं पुढचं टोक वर उचललं जातं. बाक पुढे सरकला, की दोऱ्याचा पीळ काडीला खाली खेचतो आणि ती कागदावर आपटते. टक. दुसरी काडी लगेच मागून. टक. सुतळी धरून गाडी ओढत चाललं की ताशा वाजल्यासारखा आवाज येत राहतो. सगळी यंत्रणा उघडी, काहीही झाकलेलं नाही.

मुलाने सुतळी ओढली, आवाज आला आणि तो दचकून थांबला. आवाजही थांबला. त्याने मागे वळून पाहिलं, दोन पावलं टाकली, पुन्हा टकटक. पुन्हा थांबला. हे चार-पाच वेळा झालं. मग तो पळाला आणि आवाज दाट झाला. अगदी हळू चालला, तर एकेक टक सुटा ऐकू आला. त्यानंतर तो खाली बसला आणि त्याने गाडी उचलून चाक बोटाने फिरवलं. गाडी पुढे सरकली नाही, तरी आवाज आला! माझ्याकडे मान वर करून तो म्हणाला, “हे वाजवतं.” त्याचं बोट चाकावर होतं. आवाज आपल्या चालण्याने येत नसून चाकाच्या फिरण्याने येतो, हे कोणीही न सांगता त्याला कळलं होतं. कारण आणि परिणाम यांची सांगड घालणं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं, हेच प्रयोगशाळेत चालतं. त्याने ते धुळीत बसून केलं.

बॅटरीवर चालणारी पोलिसांची गाडीही त्याच्याकडे आहे. बटण दाबलं की दिवे लागतात, भोंगा वाजतो, गाडी आपली आपण धावते. तिच्याशी तो खेळत नाही असं नाही. पण बटण दाबून झालं की त्याला करायला काही उरत नाही. तो बघत राहतो. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते या दोन गाड्यांमधल्या फरकाबद्दल आहे. खेळण्यात मुलासाठी किती जागा शिल्लक ठेवली आहे, हे मी आधी बघते. किंमत, रंग आणि खोक्यावर छापलेलं ‘शैक्षणिक’ हे सगळं त्यानंतर.

मातीच्या गाड्यांचा वंश फार जुना आहे. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा संस्कृतीचं दालन आहे. मोहरा आणि नर्तकीची छोटी कांस्यमूर्ती पाहायला लोक गर्दी करतात. मुलांना घेऊन जाल तर त्यांना मातीच्या खेळण्यांपाशी थांबू द्या. सिंधू खोऱ्यातल्या उत्खननांमध्ये भाजलेल्या मातीच्या बैलगाड्या, चाकं, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या, खुळखुळे आणि डोकं हलणारे प्राणी सापडले आहेत. साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बैलाची मान वेगळी करून, भोक पाडून, दोऱ्याने अशी जोडली की दोरा ओढला की तो मान डोलावेल. ते खेळणं आजच्या मुलाच्या हातात दिलं तर त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. देशभरच्या जत्रांमधली अशी हलणारी-वाजणारी खेळणी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले सुदर्शन खन्ना यांनी वर्षानुवर्षं गोळा केली. ती कशी चालतात आणि घरी कशी करता येतील हे त्यांनी पुस्तकांमधून दाखवून दिलं. ही खेळणी करणाऱ्या कारागिरांना आपण कधी यंत्रज्ञ म्हटलं नाही, याची मला फार खंत वाटते.

आता वयाने खाली येऊ. नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला टकटक गाडीचा उपयोग नाही. त्याला स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा पुरतो. डब्यात लाकडी चमचा टाका, झाकण लावा आणि बाळाचे डोळे बघा. चार महिन्यांचं असताना नजरेआड झालेली वस्तू ते शोधत नसे. आता ते झाकणाशी झटापट करतं, कारण आत चमचा आहे हे त्याला ठाऊक असतं. न दिसणारी वस्तूही असते, ही समज बाळ जन्माला येताना पुरती घेऊन येत नाही, ती पहिल्या वर्षात पक्की होत जाते, असं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांच्या निरीक्षणातून मांडलं. पुढच्या संशोधकांनी तिची सुरुवात पियाजेंच्या अंदाजाहून लवकर होते असं दाखवलं, पण झाकण उघडून शोधण्याचं वय तेच राहिलं. आपल्याकडे आज्या पदर तोंडावर घेऊन ‘भोऽऽक’ करतात, तेही याच वयात.

डबा उघडला की बाळ चमचा बाहेर काढतं, पुन्हा आत टाकतं, पुन्हा काढतं. आई कंटाळते, बाळ कंटाळत नाही. मनगट वळवणं, पकड सोडणं (वस्तू पकडण्यापेक्षा हवी तिथे सोडणं बाळाला कठीण जातं), आत-बाहेर, रिकामं-भरलेलं, मोठं भांडं लहान भांड्यात मावत नाही, हे सगळं या एका उद्योगात येतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कुरमुरा उचलता आला, की पुढे पेन्सिल धरणाऱ्या हाताची घडण सुरू झालेली असते.

पण डबा देऊन आपण मोबाइल घेऊन बसलो, तर निम्मंच काम होतं. अमेरिकेतल्या ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पालकांना तीन प्रकारचं सामान दिलं होतं: बोलणारी-गाणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी, लाकडी कोडी आणि ठोकळ्यांसारखी साधी खेळणी, आणि चित्रांची पुस्तकं. खेळणं बोलू लागलं की पालक गप्प होत गेले. सर्वांत जास्त शब्द पुस्तकांच्या वेळी बोलले गेले, त्याखालोखाल साध्या खेळण्यांच्या वेळी. यात आईबापांचा दोष नाही. कोणी मध्ये मध्ये बोलत असेल तर आपण गप्पच बसतो. ‘ए फॉर ॲपल’ म्हणणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या लॅपटॉपने बोलण्याची जागा अडवलेली असते. आणि बाळ भाषा शिकतं ते आपल्या ‘अं’ला कोणीतरी ‘काय गं, चमचा हवा?’ असं उत्तर दिल्यावर.

या गोष्टीचा सर्वांत भक्कम पुरावा दिल्लीपासून फार दूर, जमैका बेटावर मिळाला. १९८६-८७ साली सॅली ग्रॅन्थम-मॅक्ग्रेगर या बालआरोग्यतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली १२९ मुलं निवडली. वय ९ ते २४ महिने, कुपोषणामुळे उंची खुंटलेली. काहींना दोन वर्षं पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका जाई आणि आईच्या देखत मुलाशी खेळे. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. सेविकांकडची खेळणी टाकाऊ वस्तूंची होती: प्लॅस्टिकच्या बाटलीत खडे घालून केलेला खुळखुळा, ओवायला बाटल्यांची झाकणं, पुठ्ठा कापून केलेली कोडी. या आठवड्याची खेळणी घरी ठेवून जायची, पुढच्या आठवड्यात बदलून न्यायची. मुलाला शिकवून मोकळं होणं हा सेविकेचा हेतू नव्हता. तिला आईला खेळतं करायचं होतं.

वीस वर्षांनी संशोधकांनी ती मुलं पुन्हा शोधून काढली. ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई, ज्यांच्या घरी तो गेला नव्हता त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. हा निष्कर्ष २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. नुसत्या पूरक आहाराचा परिणाम मात्र इतका टिकलेला दिसला नाही. आहार नको असा अर्थ कोणी काढू नये, उपाशी मूल खेळत नाही. पण आपल्या योजनांमध्ये खिचडीचं वजन होतं आणि खेळाच्या तासाची नोंद कुणी ठेवत नाही, हे बदलायला हवं असं मला कळकळीने वाटतं. जमैकाची ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. ओडिशातल्या कटक शहराच्या वस्त्यांमध्येही तिचा प्रयोग झाला आणि तिथेही मुलांच्या आकलनात फरक दिसला.

दिल्लीला हे सगळं अगदी परकं नव्हतं. १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी राजघाटाजवळ बांधकाम चालू होतं. मजूर बाया डोक्यावर विटा वाहत होत्या आणि त्यांची तान्ही मुलं धुळीत, उन्हात पडलेली होती. मीरा महादेवन यांनी ते पाहिलं आणि तिथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. बांधकाम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाणार, म्हणून फिरतं. मीराबाई हिंदी कादंबरीकार होत्या. त्यांचं माहेरचं नाव मिरियम जेकब मेंद्रेकर, म्हणजे कोकणाशी आणि मराठीशी नातं सांगणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या. हे कळल्यावर मला राजघाट जरा जवळचा वाटू लागला. काम पुढे मुंबई आणि पुण्यातही पोहोचलं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. गुरुग्राम आणि नोएडात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उठलेले मनोरे मोजले, तर त्या कलमाची किती गरज होती आणि आहे ते कळतं.

बांधकामावरच्या मुलांचा खेळ मी जवळून पाहिला आहे. ग्रेटर नोएडात एका अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या पायथ्याशी चार-पाच वर्षांची दोन मुलं आणि एक मुलगी खेळत होती. फुटक्या टाइलचा तुकडा हे घमेलं, वाळू म्हणजे सिमेंट. एकजण स्वतःभोवती गिरक्या घेत घर्रघर्र करत होता, तो मिक्सर. मुलगी मुकादम. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, “जल्दी करो, छुट्टी नहीं है.” मिक्सर दमून बसायला लागला, तशी ती म्हणाली, “मशीन बैठती नहीं.” आणि तो खरोखर उभा राहिला, गिरक्या घेत राहिला.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी काठीला घोडा करणाऱ्या मुलाबद्दल लिहिलं, ते इथे जसंच्या तसं घडत होतं. काठी हातात आणि घोडा डोक्यात, म्हणजे वस्तू आणि तिचा अर्थ ही दोन वेगळी झाली. पुढे ‘क’ या रेघोट्यांना आवाज आणि ‘५’ या आकड्याला पाच वस्तू मानायच्या, त्याची तालीम इथे होते. आणि दुसरं, मला जास्त मोलाचं वाटणारं: दमलेलं मूल एरवी क्षणभरही उभं राहणार नाही, पण मिक्सर बसत नाही म्हटल्यावर उभं राहतं. ‘नीट बस’ असं शंभरदा सांगून जो संयम येत नाही, तो भूमिका घेतली की येतो. आपल्या भातुकलीत हेच चालायचं. चूल, जातं, बोळकी तर होतीच, पण पाहुणे येईपर्यंत शेंगदाणे-गूळ खायचा नाही, हा त्यातला खरा नियम.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेळातून शिक्षणाची ही गोष्ट ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघरमध्ये, १९४५ पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर करून दाखवली. माँटेसरींची लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, काड्या घेतल्या. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली आणि तिला नाव दिलं अंगणवाडी. १९७५ साली केंद्राची बालविकास योजना आली तेव्हा तो शब्द दिल्लीने उचलला. आज दिल्लीतल्या कुठल्याही गल्लीत हिंदी पाटीवर ‘आंगनवाड़ी’ वाचलं की मला कोसबाड आठवतं. शब्दाबरोबर शिंपल्यांची टोपलीही आली असती तर! २० फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्लीत ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ या संचाचं प्रकाशन झालं. त्यात बाहुल्या, कोडी, खेळणी आहेत. शैक्षणिक धोरणात खेळण्याला अधिकृत जागा मिळाली, हे मोठंच पाऊल आहे. पिटारा कपाटात कुलूपबंद राहू नये, एवढी काळजी मात्र प्रत्येक शाळेने घ्यायला हवी.

मोठ्या मुलांच्या खेळांपैकी एकावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्यातलं गणित मला स्वतःला उशिरा दिसलं. महाराष्ट्रात त्याला सागरगोटे किंवा गजगे म्हणतात, दिल्लीत गिट्टे. (आपली लगोरी इथे पिट्ठू होते, भोवरा लट्टू, ठिकरीची लंगडी स्टापू. नावं बदलतात, आखलेली घरं जवळपास तीच.) पाच खडे जमिनीवर टाकायचे. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि उडवलेला झेलायचा. असे चारही एकेक करून उचलले की पुढची पायरी: दोन-दोन. मग तीन आणि एक. मग चारही एकदम. सहा वर्षांची मुलगी म्हणजे चारची फोड करत असते, १+१+१+१, २+२, ३+१, ४. पाढा न म्हणता. शिवाय खडे टाकताना ती पुढचा विचार करते. दोन-दोनची पाळी असेल तर जोड्या जवळ पडायला हव्यात, तीन-एकला एक खडा दूर हवा. उडवलेल्या खड्यावर नजर, खालच्या खड्यांवर हात. खडा किती उंच उडवला तर किती वेळ मिळतो, याचा अंदाज मनगटात मुरलेला. आणि एवढं करून सामानाचा खर्च शून्य.

सागरगोट्यासारख्या लहान वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मात्र द्यायच्या नाहीत. साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीची वस्तू घशात अडकू शकते. चिंचोके, गोट्या, बाटलीची लहान झाकणं, सगळं यात आलं. घड्याळातल्या गोल चपट्या बॅटऱ्या तर घरात उघड्या ठेवूच नयेत, गिळल्या तर अन्ननलिका काही तासांत भाजते. साधं खेळणं म्हणजे आपोआप सुरक्षित खेळणं, असं नाही.

किती खेळणी हवीत, असं मला पालक विचारतात. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. घरात ढीग असेल तर चार बाहेर ठेवा, बाकीची माळ्यावर टाका आणि महिन्याने अदलाबदल करा.

राजधानी परिसरात मुलांच्या खेळाला आणखी एक आडकाठी आहे. मे-जूनमध्ये ऊन बाहेर पडू देत नाही आणि दिवाळीनंतर हवा. नोव्हेंबरात प्रदूषण वाढलं की सगळ्यांत आधी लहान मुलांच्या शाळा बंद होतात. सोसायटीच्या बागेत झोपाळे रिकामे लोंबत राहतात. अशाच एका दुपारी आमच्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या फरशीवर, तीन मुली गिट्टे खेळत बसल्या होत्या. दोघी आठ-नऊ वर्षांच्या. तिसरी समोरच्या घरात कामाला येणाऱ्या बाईंची पाच वर्षांची मुलगी. तिला खडा झेलता येत नव्हता. आपल्याकडे अशा मुलाला ‘कच्चा लिंबू’ म्हणतात, ते खेळात असतं पण बाद होत नाही. या मुलींनीही तिच्यासाठी वेगळा नियम केला होता. तिने खडा उडवायचा, तो एकदा फरशीवर टप्पा घेऊन उसळला की मग झेलायचा. बागेतले खडे तेवढे उसळेनात, म्हणून मोठीने घरातून एक रबरी चेंडू आणला.

तासाभराने मी पुन्हा दार उघडलं तेव्हा लहानगीची पाळी होती. तिने चेंडू उडवला, डाव्या हाताने फ्रॉक आवरला, उजव्या हाताने खडा उचलला आणि टप्पा पडायच्या आत चेंडू पोटाशी धरला. ती स्वतःच गोंधळून दोघींकडे बघायला लागली. मोठीने तिच्या हातातून चेंडू काढून घेतला, त्या जागी खडा ठेवला आणि म्हणाली, “अब तू पक्की.”